जोडीतली दुसरी किडनी

तेलेसिया ऑकलंडच्या विमानतळावर लोकांच्या बॅगा उघडायची. सोनंनाणं किंवा चोरीचा माल शोधणं तिच्याकडे नव्हतं; बाहेरची कीड-रोगराई देशात शिरू नये, हे बघणं तिचं काम. तिला हवी असायची बुटाच्या तळव्याला चिकटलेली माती, चटईच्या घडीत बसलेला किडा, लाकडी मूर्तीच्या भोकातून डोकावणारी अळी. तिच्या माहेरच्या टोंगा बेटांवरून येणाऱ्या विमानात तिच्या नावाची धास्ती होती. "आपलीच बाई, आणि आपल्याच तारोच्या पिशवीत हात घालते," असे टोमणे चर्चमधल्या बायका रविवारी मारायच्या. तारो म्हणजे त्यांच्याकडचा अळूचा कंद. ती शांतपणे विचारायची, "कुठल्या बेटावरचा होता तो तारो? पानांवर डाग पडलेत का तिकडे?" एखादी गोष्ट आली कुठून, हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

मधुमेहानं तिच्या स्वतःच्या किडन्या केव्हाच निकामी केल्या होत्या. कित्येक वर्षं ती डायलिसिसच्या खुर्चीत बसत होती. धाकटी बहीण लेसिएली आपली किडनी द्यायला निघाली, तर तपासणीत तिचीच साखर वाढलेली निघाली. त्यावर लेसिएली आठवडाभर रडली आणि मग रागानं तिनं घरातला केक बंद केला. शेवटी ईस्टर उलटल्यावर एका सकाळी हॉस्पिटलचा फोन आला. कुणीतरी गेलं होतं, त्याच्या घरच्यांनी हो म्हटलं होतं, आणि त्याची किडनी तेलेसियाला जुळत होती. एवढंच सांगितलं. ते कोण, बाई की पुरुष, तरुण की म्हातारं, हे इथे सांगायची पद्धत नाही.

ऑपरेशन छान झालं. नवी किडनी टेबलावरच कामाला लागली. तेलेसियानं वॉर्डात शुद्धीवर आल्यावर सगळ्यात आधी लघवीची पिशवी बघितली. पिशवी भरलेली पाहून इतका आनंद होईल असं तिला जन्मात वाटलं नव्हतं. शेजारच्या खोलीतही त्याच दिवशी कुणालातरी किडनी बसवली होती. तो गडी भसाड्या आवाजात माओरींची, म्हणजे तिथल्या मूळ लोकांची, जुनी गाणी म्हणायचा आणि नर्सला विचारायचा, "शेजारी चालेल ना गं? नाहीतर जोरात म्हणतो."

तीन महिने सरळ गेले. मग तिथे वर्षाच्या मधोमध येणाऱ्या हिवाळ्यातल्या एका दुपारी ट्रान्सप्लांटची नर्स ब्रॉनविन हिचा फोन आला.

"तेलेसिया, परवाच्या रक्तात एक व्हायरस दिसलाय. घाबरू नका, पण उद्या येऊन जा."

"नाव काय त्याचं?"

"बीके."

"म्हणजे काय?"

ब्रॉनविन हसली. "बाकीचे विचारतात, किडनी जाणार का. तुम्ही नाव विचारताय. उद्या डॉक्टरांनाच विचारा."

तेलेसियानं दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या तेच विचारलं. डॉ. शिवॉन आयर्लंडहून आलेल्या, बारीक चणीच्या, घाई न करणाऱ्या बाई होत्या.

"ती एका माणसाच्या नावाची अक्षरं आहेत," त्या म्हणाल्या. "पन्नासेक वर्षांपूर्वी ज्याच्या लघवीत हा पहिल्यांदा सापडला, त्या पेशंटची. त्यालाही दुसऱ्याची किडनी बसवली होती."

"पूर्ण नाव?"

"मला माहीत नाही. अक्षरंच राहिली."

तेलेसियाला ते चमत्कारिक वाटलं. माणूस कुठल्या कुठे गेला आणि त्याची दोन अक्षरं जगभर लोकांच्या रक्तात फिरतायत.

"हा जवळजवळ सगळ्यांना लहानपणी होऊन जातो," डॉक्टर सांगू लागल्या. "थोडा शेंबूड, एखादा दिवस कणकण. आईच्याही लक्षात राहत नाही. मग हा किडनीत जाऊन झोपतो, तो जन्मभर. शरीर जागं असतं, ते याला उठू देत नाही. पण तुमच्या शरीराला आपणच गोळ्यांनी गुंगी दिलीय, नाहीतर ते नवी किडनी परकी म्हणून हाकलून देईल. त्या गुंगीचा फायदा यानं घेतला."

"मग गोळ्या कमी करा."

"करणार आहोत. पण फार कमी केल्या तर शरीर पुरतं जागं होईल आणि किडनीवरच उठेल. मधे कुठेतरी थांबायचंय, आणि ते मधलं ठिकाण प्रत्येकाचं वेगळं असतं."

"या व्हायरसवर औषध नाही?"

"खात्रीचं असं नाही. तुमचं शरीरच त्याचं औषध."

 तेलेसियानं तिच्या नेहमीच्या सुरात विचारलं, "हा माझा आहे, की सामानाबरोबर आला?"

डॉक्टरांना कळायला क्षणभर लागलं. "बहुतेक वेळा किडनीबरोबरच येतो."

"मग त्या माणसाची दुसरी किडनी ज्याला बसवली, त्याच्याकडेही गेला असेल."

"तसं होतं कधी कधी," डॉक्टर म्हणाल्या आणि लगेच संगणकाकडे वळल्या. "तपासणी आम्ही सगळ्यांचीच करतो."

तेलेसिया बाहेर आली तर बाकावर एक रुंद खांद्यांचा, साठीचा माओरी माणूस मास्क हनुवटीवर ओढून पाणी पीत होता. तोंडानं काहीतरी गुणगुणत होता. आवाज भसाडा.

"तुम्ही शेजारच्या खोलीतले," तेलेसिया म्हणाली.

"आणि तू ती, जिनं कधी तक्रार केली नाही." त्यानं बाकावर जागा करून दिली. "मी होहेपा. उत्तरेकडचा, काइकोहेचा. सध्या लेकीकडे पडून आहे, हे लोक घरी सोडत नाहीत. तुझी माणसं कुठली?"

"हापाई. टोंगा."

"म्हणजे समुद्रातून मागे मागे गेलं तर आपण कुठेतरी पाहुणे निघू." त्याच्या माणसांत ओळख अशीच व्हायची, आजा-पणजाची नावं काढत कुठेतरी गाठ बसेपर्यंत. "आज काय म्हणतात डॉक्टरीणबाई? माझ्या रक्तात त्यांना दोन अक्षरं सापडलीत. आख्खी बाराखडी सापडेपर्यंत थांबू या का, म्हटलं त्यांना."

तेलेसिया त्याच्याकडे वळली. "बीके?"

होहेपानं मान हलवली. त्यानं आपल्या पोटाच्या उजव्या बाजूला, जिथे ती वाटोळी किडनी कातडीखाली हाताला लागते, तिथे तळवा ठेवला. तेलेसियाचाही हात तिथेच होता. दोघं एकमेकांच्या हाताकडे बघत राहिले.

"त्यांना विचारायचं नाही," होहेपा हळूच म्हणाला. "सांगता येत नाही त्यांना. उगाच बाईंना संकटात कशाला टाका."

"मी आत्ताच विचारलं."

"मग?"

"संगणकाकडे बघायला लागल्या."

होहेपा पोट गदागदा हलवत हसला. "झालं तर. आता आपल्याला आजा-पणजाकडे जायला नको, कझिन."

दोघांच्याही गोळ्या कमी झाल्या. एक बंद, दुसरी निम्म्यावर. दर थोड्या दिवसांनी रक्त द्यायचं आणि वाट बघायची. होहेपाचा व्हायरस उतरणीला लागला. तेलेसियाचा चढतच राहिला. विमानतळावर परत जायची परवानगी मिळाली नाही. गर्दी नको, खोकणारी माणसं नकोत. लेसिएली शाळेच्या कँटीनमध्ये कामाला जायची, आणि ऑकलंडच्या मांगेरे भागातल्या त्यांच्या घरात तेलेसिया दिवसभर एकटी. काम करायची सवय असलेल्या माणसाला रिकामपण वाईट. ती लॅपटॉप उघडून बसली.

आधी तिनं व्हायरसबद्दल वाचलं. ते संपल्यावर, ज्या आठवड्यात तिला फोन आला होता, त्या आठवड्याच्या बातम्या काढल्या. कोण गेलं होतं त्या दिवसांत? मानुकाऊच्या खाडीच्या तोंडाशी एक होडी उलटली होती. एक म्हातारी घरात पडली होती. आणि टाउरांगाजवळ मोटरसायकलवरून चाललेला एक जवान सुतार ट्रकखाली सापडला होता. त्याचा फोटो होता. नाकावर सनस्क्रीन फासलेलं, बगलेत कुत्रं. तेलेसियाला वाटलं, हाच. का, ते तिला सांगता आलं नसतं. तारखा जवळ होत्या, वय बसत होतं, आणि कुत्रं पाळणारा माणूस मनानं चांगलाच असणार.

तिनं तो फोटो रोज बघायला सुरुवात केली. सकाळच्या प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायला लागली. त्याच्या आईनं खाली काय लिहिलंय, बहिणीनं काय लिहिलंय, सगळं वाचून झालं.

लेसिएलीनं एकदा पाठीमागून पडद्यावर बघितलं. "हे कोण?"

"कुणी नाही."

"कुणी नाही तर डोळे का पुसतेस? तेलेसिया, तुला विमानतळावर दुसऱ्याच्या बॅगेत हात घालायचा पगार मिळतो. ही बॅग त्याच्या आईची आहे. ठेव ती खाली."

तेलेसियानं रागानं लॅपटॉप मिटला. पुढच्या वेळी क्लिनिकमध्ये होहेपा भेटल्यावर तिनं विषय काढला. हॉस्पिटलच्या बागेत, हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात दोघं बसले होते. लेसिएलीनं डब्यात दिलेलं लू तिनं त्याच्यापुढे केलं होतं, तारोच्या पानात नारळाच्या दुधात शिजवलेलं, फक्त मीठ नसलेलं.

"मला वाटतं, मला तो सापडलाय," ती म्हणाली.

होहेपाचा घास हातातच राहिला. "नाव सांगू नको."

"ऐक तर. एक सुतार..."

"तेलेसिया." त्यानं पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली. "मी रोज सकाळी उठलो की या किडनीवर हात ठेवून बोलतो. म्हणतो, मी होहेपा, हे माझे डोंगर, ही माझी नदी, तू आता आमच्यातला. तू कोण ते मला ठाऊक नाही, तरी ये, बस. आता तू एक नाव देशील. ते चुकीचं निघालं, तर मी एका परक्या माणसाला घरात बोलवत बसेन, आणि जो खरा आलाय तो दारातच उभा."

"आणि बरोबर निघालं तर?"

"तर त्याच्या लोकांनी मला सांगितलेलं नाही. त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा सांगतील. कदाचित कधीच नाही वाटणार." त्यानं घास तोंडात घातला. "मीठ नाही घातलं का गं यात?"

"तुला मीठ बंद आहे."

"तुझ्या बहिणीला सांग, माझी बायको याहून बेचव करते. म्हणजे हिचं चांगलं आहे."

तेलेसिया हसली, पण मनातून नाही. कोण, हा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना.

तशात किडनी कुरकुरायला लागली. रक्तातला कचरा वाढला, पाय सुजले. डॉ. शिवॉननी तिला लगेच बोलावून घेतलं. नेहमीसारख्याच सावकाश बोलल्या, पण पेन सारखं या हातातून त्या हातात करत होत्या.

"दोन शक्यता आहेत. एक, व्हायरस किडनीत शिरून नुकसान करतोय. दोन, गोळ्या कमी केल्यामुळे शरीर किडनीवर उठलंय. पहिलं असेल तर गोळ्या आणखी कमी करायच्या. दुसरं असेल तर वाढवायच्या."

"आणि उलटं झालं तर?"

"तर आपणच किडनी घालवू. म्हणून अंदाजानं काही करायचं नाही. सुईनं छोटासा तुकडा काढून बघायचं."

लेसिएली बरोबर आली होती. तिनं बहिणीचा दंड घट्ट धरला. तेलेसियानं विचारलं, "तो तुकडा मला बघता येईल?"

"तुमचाच आहे," डॉक्टर म्हणाल्या. मग स्वतःशीच म्हटल्यासारखं, "अर्धा तरी. मी विचारते प्रयोगशाळेत."

प्रयोगशाळेतली बाई तरुण होती आणि तिला पाहुण्यांची सवय नसावी, कारण तिनं आधी खुर्ची पुसली, मग परत एकदा पुसली. तिनं दोघांनी एकाच वेळी बघायचा सूक्ष्मदर्शक लावला. तेलेसियानं डोळे टेकवले.

आत गुलाबी रंगाची गोल गोल कडी दिसली, एकमेकांना खेटून. "या किडनीतल्या बारीक नळ्या, आडव्या कापलेल्या," तरुणी म्हणाली. "ते जांभळे ठिपके गर्दी करून आहेत ना, त्या पांढऱ्या पेशी. तुमच्या स्वतःच्या. पहारेकरी म्हणा."

"इतके जमलेत. कुणाला पकडायला?"

"तोच तर प्रश्न. ते व्हायरससाठी आलेत की किडनीसाठी, हे नुसत्या गर्दीवरून कळत नाही. दोन्हीकडे गर्दी अशीच दिसते." तिनं काच बदलली. "म्हणून ही दुसरी. हिच्यावर असा रंग टाकलाय की व्हायरस असेल तिथेच तपकिरी होईल."

तेलेसियानं परत डोळे टेकवले. फिकट निळ्या नळ्यांमधे तपकिरी ठिपके होते. एका नळीत एक, पुढच्या तीन रिकाम्या, मग एका नळीत चार, गच्च फुगलेले, इतरांपेक्षा दुप्पट.  भीती वाटायला हवी होती, आणि ती होतीही, पण तिच्यापुढे काहीतरी दुसरंच उभं राहिलं. हे ठिपके तिच्या आयुष्यातले नव्हते. कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी हिवाळ्यात, तीन-चार वर्षांचं एक पोर शेंबडं झालं होतं. कुणीतरी बाहीनं त्याचं नाक पुसलं होतं, कपाळाला हात लावून बघितला होता, आणि दोन दिवसांनी विसरून गेलं होतं. त्या पोराच्या आयुष्यातली तेवढी एक गोष्ट तिला आता पक्की ठाऊक होती. ते पुढे सुतार झालं की शिक्षक, मुलगा होता की मुलगी, कुत्रं पाळलं की नाही, यातलं काहीच नाही. पण त्याला सर्दी झाली होती, आणि ती इथे काचेवर होती.

"दुखतंय का कुठे?" तरुणीनं विचारलं.

"नाही. आणखी थोडं बघू दे."

त्या दिवशी संध्याकाळच्या आत डॉ. शिवॉननी निर्णय दिला. हा व्हायरसच. गोळ्या आणखी उतरवायच्या. निघताना तेलेसियानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "डॉक्टर, रस्त्यावरच्या अपघातात गेलेल्या माणसाची किडनी घेता येते?"

"जागीच गेला तर नाही. हॉस्पिटलात, मशीनवर असावा लागतो. हृदय चालू असेपर्यंतच सगळं ठरतं. का?"

"काही नाही."

घरी येऊन तिनं ती बातमी परत उघडली. सुतार जागीच गेला होता. पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं. इतके दिवस तिनं कुत्रं बघितलं होतं, ओळ वाचली नव्हती. तिनं होहेपाला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

 मग तो म्हणाला, "म्हणजे तू भलत्याच माणसासाठी प्रार्थना करत होतीस."

"हो. रोज."

"मग थांबवू नको. त्याच्या आईची काही हरकत असणार नाही. तो एक, आणि आपला एक, बिननावाचा. दोघांसाठी कर. देवाला हिशेब जमतो म्हणतात."

तेलेसियाला एकदम रडू आलं आणि त्याच दमात हसूही.

त्यानंतरचे आठवडे तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. गोळ्या कमी असल्यामुळे शरीर कधी उठेल याचा नेम नव्हता. आणि उठलं ते होहेपाचं. त्याचा व्हायरस रक्तातून पार दिसेनासा झाला, सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, आणि पंधरवड्यातच त्याची किडनी सुजली. पुन्हा सुई, पुन्हा तुकडा. यावेळी तपकिरी ठिपका एकही नव्हता. पहारेकरी किडनीवरच चाल करून आले होते. त्याला दाखल करून शिरेतून जोरदार औषध दिलं.

तेलेसिया मास्क लावून भेटायला गेली तेव्हा तो उशांना टेकून बसला होता. चेहरा औषधानं फुगला होता.

"तुझं उलटं, माझं सुलटं," तो म्हणाला. "एकाच घरच्या दोन, आणि स्वभाव बघ."

"किडनीचा स्वभाव नाही तो. आपला आहे. माझं शरीर आळशी, तुझं भांडखोर."

"बायको हेच म्हणते." त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "कझिन, घाबरलो होतो मी. माझी गेली तर तुझ्या एकटीकडेच राहील तो. मग मी बोलू कुणाशी?"

तेलेसियानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "माझ्याकडे येऊन बोल. लेसिएली जेवायला घालेल. मीठ घालणार नाही."

तो गेला नाही आणि त्याची किडनीही गेली नाही. औषध लागू पडलं. आकडे पहिल्याइतके चांगले आले नाहीत, पण डायलिसिस लांबच राहिला. तेलेसियाचा व्हायरस वसंत ऋतूत उतरायला लागला, आधी थोडा, मग भराभर. किडनीवर वण राहिले. "हिची ताकद थोडी कमी झालीय," डॉ. शिवॉननी सांगितलं, "पण सांभाळलीत तर बरीच वर्षं साथ देईल." लेसिएलीनं त्या रात्री घरात इतक्या दिवसांनी केक आणला आणि बहिणीला एक पातळ काप कापून दिला, इतका पातळ की त्यातून टेबलक्लॉथ दिसावं.

होहेपाला घरी जायची परवानगी मिळाली. उत्तरेला निघण्याआधी तो लेकीला घेऊन मांगेरेला आला, पोटभर जेवला, लेसिएलीनं केलेल्या प्रत्येक पदार्थाला नावं ठेवली आणि प्रत्येक पदार्थ दोनदा घेतला. निघताना दारात त्यानं तेलेसियाच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं, आपल्या माणसांत करतात तसं, आणि गाडीत बसला.

उन्हाळ्यात तेलेसिया कामावर रुजू झाली. पहिल्याच दिवशी टोंगातल्या नुकुअलोफाहून आलेल्या विमानातून उतरलेली एक म्हातारी तिच्यापुढे उभी राहिली. चटईची जाडजूड गुंडाळी काखेत आवळून धरलेली.

"यात काही नाही," म्हातारी फणकाऱ्यानं म्हणाली. "माझ्या बहिणीनं विणलीय."

"विणली छानच असणार, आई," तेलेसिया म्हणाली. तिनं हातमोजे चढवले, चटई टेबलावर ठेवली आणि घडी हलक्या हातानं उलगडायला घेतली. "कुठे राहते तुमची बहीण?"